आपला तो हात, दुसऱ्याचा तो जंतू

मंडळी, आजचा विषय जरा 'हा' आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या. हात धुवून.

परवा शुक्रवारी हापिसात रिलीजचा केक होता. आमच्या टीममध्ये एक सीनियर आहेत. पंधरा-सोळा वर्षांचा अनुभव, डेटाबेसमधला देवमाणूस, शिवाय माणूस म्हणूनही चांगले. केक कापायच्या पाच मिनिटं आधी मी आणि ते एकाच वेळी वॉशरूममध्ये होतो. त्यांचं काम झालं, आरशात बघून त्यांनी केस नीट केले, शर्ट खोचला आणि निघाले. नळाकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग त्याच हातात सुरी, आणि त्याच हाताने केकचा तुकडा माझ्या तोंडासमोर. "घे रे, तुझं मॉड्यूल पहिल्यांदाच बगशिवाय गेलं."

मी काय केलं असेल? खाल्ला. वर थँक्यू पण म्हटलं.

आमच्या मजल्यावर लिफ्टपाशी सॅनिटायझरची एक बाटली आहे, २०२० सालची. तेव्हा तिच्यासमोर रांग लागायची, आता ती रिकामी असते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. बेसिनवरचं 'वीस सेकंद हात धुवा'चं स्टिकर अर्धं निघालंय. म्हणजे अख्ख्या जगाला एकाच वेळी हात धुवायला शिकवून झालं, आणि काही वर्षांत आपण पुन्हा मूळपदावर! हे असं का होतं, हा किडा शुक्रवारी रात्री डोक्यात वळवळायला लागला आणि शनिवार-रविवार वाचण्यात गेला. माझा एक वैयक्तिक हिशोबही यात बाकी होता. तो शेवटी सांगतो.

तर चला, व्हिएन्नाला. साल १८४६.

व्हिएन्नाचं सरकारी इस्पितळ म्हणजे त्या काळातलं युरोपातलं मोठं नाव. तिथे बाळंतपणाचे दोन विभाग होते. येणाऱ्या बायका बहुतेक गरीब. उपचार फुकट, त्या बदल्यात शिकणाऱ्यांना त्यांना तपासू द्यायचं, असा व्यवहार. १८४० सालापासून वाटणी अशी झाली होती की पहिल्या विभागात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकायचे आणि दुसऱ्या विभागात सुइणी. कुठल्या बाईला कुठे घ्यायचं हे वारावर ठरे. आज आलेल्या बायका पहिल्या विभागात, उद्याच्या दुसऱ्या. आता आपल्यासारख्या माणसाला यात काय दिसतं? ए-बी टेस्टिंग! कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण झालं होतं.

आणि आकडे बघा. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बायका मेल्या. म्हणजे ११.४ टक्के. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणं आणि १०५ मृत्यू, २.८ टक्के. एकच इमारत, एकच शहर, एकच स्वयंपाकघर, एकाच थरातल्या बायका. फरक चौपट. हे एका वर्षाचं नव्हतं. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांची सरासरी काढली तर पहिल्या विभागात ९.९ टक्के, दुसऱ्यात ३.९. रोगाचं नाव सूतिकाज्वर. बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत ताप चढायचा, पोट फुगायचं आणि अनेकदा आठवड्याच्या आत सगळं संपायचं.

हे डॉक्टरांनाच माहीत होतं असं समजू नका. गावाला माहीत होतं. आपल्याला पहिल्या विभागात टाकलंय हे कळल्यावर बायका गुडघे टेकून, हात जोडून विनवायच्या की आम्हाला जाऊ द्या. काहीजणी तर रस्त्यातच बाळंत होऊन मग इस्पितळात यायच्या. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) या रस्त्यात बाळंत झालेल्या बायका पहिल्या विभागातल्या बायकांपेक्षा कमी मरायच्या.

जुलै १८४६ मध्ये या पहिल्या विभागात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा माणूस असिस्टंट म्हणून रुजू झाला. वय २८. जन्म बुडाचा, वडील किराणा व्यापारी. व्हिएन्नाला आला होता वकिली शिकायला आणि झाला डॉक्टर. अठ्ठावीस वर्षांचा, हाताखाली विद्यार्थी, डोक्यावर प्राध्यापक क्लाइन, आणि समोर एक भयानक बग जो सगळ्यांना माहीत आहे, पण 'सिस्टीम अशीच आहे' म्हणून सगळ्यांनी सोडून दिलाय. का कोण जाणे, मला हा माणूस एकदम ओळखीचा वाटायला लागला.

त्या वेळचं अधिकृत कारण होतं हवा. वातावरणातल्या कसल्याशा दूषित प्रभावामुळे साथ येते, असं. सेमेलवाइसचं म्हणणं सरळ होतं. हवा असेल तर दोन्ही विभागांना सारखीच लागायला हवी ना? मग त्याने जे केलं त्याला आपण आज डिबगिंग म्हणू. एकेक फरक घ्यायचा, तो काढून टाकायचा, आणि आकडा हलतो का बघायचं.

गर्दी? दुसऱ्या विभागातच जास्त होती, कारण पहिल्याला सगळे घाबरायचे. बाद.

बाळंतपणाच्या वेळी झोपण्याची पद्धत? दुसऱ्या विभागात कुशीवर, पहिल्यात पाठीवर. पहिल्या विभागातही कुशीवर सुरू केलं. आकडा तसाच.

पाद्री? हे भारी आहे. मरणाऱ्या बाईला शेवटचा संस्कार द्यायला पाद्री यायचा, त्याच्यापुढे घंटा वाजवणारा सेवक. आजारी बायकांच्या खोलीकडे जायची वाट पहिल्या विभागाच्या सगळ्या दालनांतून होती. ती घंटा ऐकून बायका भीतीने खचत असतील, आणि त्याने आजार होत असेल, असं एक मत होतं. सेमेलवाइसने पाद्रीबुवांना विनंती करून दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजवता यायला लावलं. आकडा तसाच.

आता या सगळ्या यादीत एक फरक होता जो सगळ्यांच्या नाकासमोर, अगदी शब्दशः नाकासमोर होता, आणि दिसत कुणालाच नव्हता. विद्यार्थी आणि डॉक्टर रोज सकाळी शवविच्छेदन करायचे. व्हिएन्नाची त्या काळातली कीर्तीच त्यावर उभी होती. तिथून उठून ते थेट बाळंतिणींना तपासायला यायचे. सुइणी मात्र शवविच्छेदन करत नव्हत्या.

हात धुवायचे की नाही? धुवायचे. साबणाने धुवायचे! पण धुतल्यावरही हाताला प्रेताचा वास राहायचा.

मार्च १८४७. सेमेलवाइस सुट्टीसाठी व्हेनिसला गेला होता. परत आला तर बातमी कळली की त्याचा मित्र, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक कोलेच्का वारला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्याच्या बोटाला लागली होती. सेमेलवाइसने त्याच्या तपासणीचा अहवाल वाचला आणि चमकला. ही तर सूतिकाज्वराने मेलेल्या बायकांसारखीच लक्षणं! पुरुष, बाळंतपणाशी संबंध नाही, आणि रोग तोच. म्हणजे कोलेच्काला जे सुरीने दिलं, तेच बायकांना बोटांनी दिलं जातंय. आमच्या बोटांनी.

मे १८४७ च्या मध्याला त्याने विभागाच्या दारात क्लोरीनच्या पाण्याचं भांडं ठेवलं. पुढे खर्च वाचवायला क्लोरीनयुक्त चुना, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडरच. नियम एकच. शवविच्छेदन करून येणाऱ्याने यात हात धुतल्याशिवाय बाईला हात लावायचा नाही. विद्यार्थी असो नाहीतर प्राध्यापक.

एप्रिलमध्ये मृत्यू होते १८.३ टक्के. मे, १२.२ टक्के. जून, सव्वादोन टक्के. जुलै, १.२ टक्के. पुढचं १८४८ चं अख्खं वर्ष घेतलं तर ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू, १.२७ टक्के, म्हणजे सुइणींच्या विभागाइतकंच. त्यातले मार्च आणि ऑगस्ट हे दोन महिने असे की पहिल्या विभागात एकही बाई मेली नाही.

मी हे आकडे रात्री दीड वाजता एक्सेलमध्ये टाकून आलेख काढला. मे महिन्यापाशी रेघ कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली येते. असा आलेख आपल्या डॅशबोर्डवर दिसला तर आपण पेढे वाटू.

एक लक्षात घ्या, सेमेलवाइसला जंतू माहीत नव्हते. त्याचा समज असा की प्रेताचे बारीक कण हाताला चिकटतात. क्लोरीन त्याने निवडलं कारण त्याने वास जातो. वास गेला म्हणजे कण गेले. कारण अर्धवट, उपाय पक्का. पुढे त्याचाच सिद्धांत त्याला सुधारावा लागला. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाचा कॅन्सर असलेली एक बाई दाखल झाली. डॉक्टर तिला तपासून पुढच्या बायकांकडे जायचे, मधे नुसतं साबणपाणी. तिच्यानंतर तपासलेल्या बारा बायकांपैकी अकरा मेल्या. म्हणजे प्रेतच हवं असं नाही, जिवंत माणसाची सडलेली जखमही पुरते. तेव्हापासून नियम झाला की रुग्णागणिक हात धुवायचे.

आता आपल्याला वाटेल की पुढे याचा सत्कार झाला असेल. छे हो.

मार्च १८४९ मध्ये नोकरीची मुदत संपली, ती क्लाइनने वाढवली नाही. पुढे शिकवायची परवानगी मागितली तर मिळाली ती अशी की फक्त बाहुल्यावर शिकवायचं. १८५० च्या ऑक्टोबरात हा पठ्ठ्या मित्रांनाही न सांगता व्हिएन्ना सोडून पेश्तला निघून गेला. तिथल्या सेंट रोकस इस्पितळात १८५१ ते १८५७ या काळात ९३३ बाळंतपणं झाली आणि सूतिकाज्वराने फक्त ८ मृत्यू. तरी व्हिएन्ना हलली नाही.

थोडी चूक त्याचीही होती, आणि ती चूक आपल्या जमातीला फार ओळखीची आहे. पठ्ठ्याने डॉक्युमेंटेशनच लिहिलं नाही! शोध १८४७ चा, सविस्तर पुस्तक १८६१ चं. मधली चौदा वर्षं त्याच्या वतीने हेब्रा आणि श्कोडा हे मित्र लिहीत-बोलत राहिले. आणि पुस्तक आलं तेव्हा हा इतका कडवट झाला होता की विरोधी प्राध्यापकांना उघड पत्रं लिहून खुनी म्हणायला लागला. मुद्दा बरोबर असला तरी कोड रिव्ह्यूमध्ये 'खुनी' म्हटल्यावर कोण ऐकणार?

पण खरं कारण वेगळं असावं असं मला वाटतं. क्षणभर त्या डॉक्टरांच्या जागी उभे राहा. कुणी येऊन सांगतं की हवा दूषित आहे, तर तुम्ही हळहळता. कुणी सांगतं की देवाची इच्छा, तर तुम्ही मान खाली घालता. पण कुणी येऊन सांगतं की गेल्या दहा वर्षांत तुमच्या हाताखाली मेलेल्या बायका तुमच्याच हाताने मेल्या... तेव्हा काय करता? आकडे बरोबर आहेत की नाहीत हा प्रश्नच मग उरत नाही. अमेरिकेत १८४३ साली ऑलिव्हर वेंडेल होम्सने हेच मांडलं होतं की हा ताप डॉक्टरच घरोघर पोचवतात. त्यावर फिलाडेल्फियाच्या एका बड्या प्राध्यापकाचं, चार्ल्स मेग्सचं म्हणणं काय, तर डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपला तो हात, दुसऱ्याचा तो जंतू.

आणि ज्यांनी ऐकलं, त्यांचं काय झालं? जर्मनीत कील शहरात गुस्ताव मिखाएलिस नावाचा प्रसूतितज्ज्ञ होता. व्हिएन्नाची बातमी कळल्यावर त्याने क्लोरीनने हात धुवायला सुरुवात केली, आणि मृत्यू घटले. पण मग त्याला आठवण झाली ती आपल्याच नात्यातल्या बहिणीची. तिला त्यानेच तपासलं होतं, आणि ती बाळंतपणानंतर सूतिकाज्वराने गेली होती. ऑगस्ट १८४८ मध्ये मिखाएलिसने रेल्वेखाली जीव दिला.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सेमेलवाइस स्वतःही सुटला नव्हता. रोज सकाळी सगळ्यात मन लावून शवविच्छेदन करणारा तोच होता. आपल्यामुळे किती बायका अकाली गेल्या ते देवालाच ठाऊक, अशी कबुली त्याने पुस्तकात दिली आहे. त्याने ती सहन केली, हे विशेष. फार काळ नाही करता आली. ३० जुलै १८६५ ला त्याला फसवून व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं, तिथे रखवालदारांनी मारहाण केली, आणि १३ ऑगस्टला तो वारला. वय ४७. उजव्या हाताची जखम चिघळून रक्तात विष भिनलं होतं. हातच! आणि आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ ला, ग्लासगोत जोसेफ लिस्टरने एका अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचं पर्व सुरू झालं. १८७९ साली पाश्चरने पॅरिसच्या अकादमीत फळ्यावर साखळीसारखे जंतू काढून दाखवले, सूतिकाज्वराचे. बग सापडला, तोवर बग कळवणारा जाऊन चौदा वर्षं झाली होती.

जाता जाता एक. त्याच १८६५ सालच्या मार्चमध्ये आपल्याकडे आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, मूल दहा दिवसांत गेलं. पुढे फिलाडेल्फियाला, म्हणजे मेग्सच्याच गावी, जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. हात कुणाचे स्वच्छ आणि कुणाचे नाहीत हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

असो. आता इस्पितळातून बाहेर पडून मूळ जागी येऊ. वॉशरूम.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोठं प्रदर्शन भरलं. तिथे जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या प्लंबरने फ्लशवाली सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधली. एका पेनीत स्वच्छ बैठक, टॉवेल, कंगवा आणि वर बुटांना पॉलिश! पेनी देऊन ती वापरणाऱ्यांची नोंद आहे ८,२७,२८० ची. म्हणजे अनोळखी माणसांनी एकच दार, एकच साखळी, एकच कडी लाखोंच्या संख्येने वापरायची ही गोष्ट तेव्हा रुळायला लागली. घरात तुमचे जंतू तुमच्या घरापुरते. इथे तुमचा हात कडीवर, कडीवरून माझ्या हातावर, आणि मी पुढे वडापाव खाणार.

टॉवेलचंच बघा. सार्वजनिक बेसिनपाशी रुळावर गुंडाळलेला एकच लांब टॉवेल असायचा, सगळ्यांनी त्यालाच पुसायचं. अमेरिकेत कॅन्सस राज्यात डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन या आरोग्य अधिकाऱ्याने १९०९ साली सार्वजनिक ठिकाणचा सामायिक पेला बंद केला आणि १९११ साली हा सामायिक टॉवेल. हापिसात टिश्यू पेपर ओढताना या माणसाची आठवण काढायला हरकत नाही.

आणि हात न धुण्याचा इतिहास मेरी मॅलनशिवाय पूर्ण होत नाही. न्यूयॉर्कमधली आयरिश स्वयंपाकीण. हाताला चव, श्रीमंत घरांत मागणी. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे इथल्या एका भाड्याच्या बंगल्यात अकरापैकी सहा जणांना टायफॉइड झाला. जॉर्ज सोपर नावाच्या स्वच्छता-अभियंत्याने (अभियंता बरं का!) माग काढला तर मेरी जिथे जिथे स्वयंपाकाला राहिली तिथे तिथे टायफॉइड. ती स्वतः ठणठणीत. तिच्या पित्ताशयात जंतू ठाण मांडून होते आणि शौचावाटे बाहेर पडत होते. शिजवलेल्या अन्नात ते मरतात, पण तिची खासियत होती कच्चे पीच घातलेलं आइस्क्रीम. तिथे शिजवणार कोण?

१९०७ साली तिला पकडून नदीतल्या एका बेटावर ठेवलं. तिचं म्हणणं एकच. मी आयुष्यात कधी आजारी पडले नाही, मग माझ्यामुळे लोक कसे आजारी पडतील? १९१० साली स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं. १९१५ साली एका प्रसूतिगृहात टायफॉइडचे २५ रुग्ण झाले, दोघे मेले. स्वयंपाकघरात 'मिसेस ब्राउन' नावाची बाई सापडली. मेरीच. त्यानंतर १९३८ साली मरेपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. मला तिचा राग येत नाही पूर्ण. दुसरं काम तिला येत नव्हतं, धुणं धुवून पैसे मिळत नव्हते. पण तिचं वाक्य आणि व्हिएन्नाच्या प्राध्यापकांचं वाक्य शेजारी शेजारी ठेवून बघा. एक इस्त्रीच्या कोटातलं, एक ॲप्रनमधलं. वाक्य एकच. माझा हात? शक्यच नाही.

मग माणसं हात धुतात तरी कशाने? याचं उत्तर शोधायला लंडनच्या काही संशोधकांनी, त्यांत व्हॅलरी कर्टिस होत्या, इंग्लंडमध्ये हायवेवरच्या एका थांब्यावर सेन्सर बसवले. दारात एक, साबणाच्या डब्यात एक. आत किती आले, साबण किती वेळा निघाला. विचारायचं नाही, मोजायचं. (विचारलं तर सगळेच धुतात!) २००९ साली निकाल छापून आले. बत्तीस दिवस, सुमारे दोन लाख वेळा वापर. साबण वापरणारे पुरुष ३२ टक्के, बायका ६४ टक्के. पुरुषहो, मान खाली घाला. दारावरच्या पाटीवर वेगवेगळे संदेश झळकवले. बायकांना नुसती आठवण पुरे होत होती. पुरुषांना किळस आणावी लागत होती. आणि दोघांवर सगळ्यात चांगला चाललेला संदेश कुठला, तर आरोग्याचा नाही, जंतूंचा नाही. 'तुमच्या शेजारचा माणूस साबणाने हात धुतोय का?' एवढाच.

म्हणजे बघा, दीडशे वर्षांचं विज्ञान एका बाजूला आणि 'शेजारचा काय म्हणेल' दुसऱ्या बाजूला. जिंकलं कोण ते सांगायला नको. सेमेलवाइसचे विद्यार्थीसुद्धा तो दारात उभा असेपर्यंतच नीट हात धुवायचे की काय, कोण जाणे.

आता तो बाकी हिशोब.

गेल्या वर्षी माझ्या ताईला मुलगा झाला. माहेरी आली होती. आजीने बाळंतिणीच्या खोलीच्या दारात स्टुलावर तांब्या आणि साबण ठेवला होता, आणि स्वतः खुर्ची टाकून बसायची. व्हिएन्नातलं ते भांडंच म्हणा ना. फरक इतकाच की आजीने सेमेलवाइसचं नाव ऐकलेलं नाही. एका शुक्रवारी मी पुण्याहून एसटीने घरी पोचलो. वाटेत स्टँडवरच्या शौचालयात गेलो होतो. तिथे नळाला पाणी नव्हतं. घरी आल्यावर थेट बाळाकडे.

आजी म्हणाली, "हात धुतलेस का रे?"

मी म्हटलं, "हो गं आजी, आत्ताच धुतले. किती वेळा विचारशील?"

धुतले नव्हते. कंटाळा. बस, एवढंच कारण. दिवसभराचा प्रवास, आणि एवढा शिकलेला मी, मला काय आजी शिकवणार!

चौथ्या दिवशी बाळाला जुलाब सुरू झाले. दोन दिवस इस्पितळात, इवल्याशा हाताला सलाइन. एका महिन्याचं पोर. आता छान आहे, दुडुदुडु चालतो, माझा मोबाइल आपटतो. माझ्यामुळे झालं असेल? डॉक्टर म्हणाले लहान मुलांना कशानेही होतं. घरात पाहुणे होते, पाण्याचा टँकर आला होता, कारणं दहा. आणि मी त्या दहाही कारणांना मिठी मारली. हवा दूषित होती म्हणा ना. पाद्र्याची घंटा होती म्हणा ना. पण शनिवारी रात्री ते मिखाएलिसचं वाचल्यावर मला अकरावं कारण समोर दिसलं, आणि ते माझ्या मनगटाला जोडलेलं होतं.

ते खरं की खोटं, हे मला कधीच कळणार नाही. लॉग नाहीत. पण मी खोटं बोललो, हे नक्की.

काल रविवारी सकाळी आजीला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, मग सांगून टाकलं. आजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मला माहीत होतं. हात कोरडे होते तुझे."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत काय बोलायचं? वाटलं, मोठा झालाय, कळेल."

मी पण केक गप्प खाल्ला होता. तेही चारचौघांतच.

तर मंडळी, सोमवारपासून एक ठरवलंय. सीनियरना उपदेश करायची माझी लायकी नाही, आणि 'खुनी' म्हणून काय होतं ते वाचलंच. मी फक्त बेसिनपाशी जरा जास्त वेळ थांबणार आहे. साबण लावून, सावकाश, शेजारच्याला दिसेल असा. हायवेवरच्या दोन लाख माणसांवर चाललं, तर आमच्या मजल्यावरही चालेल. आणि लिफ्टपाशीची बाटली भरायला ॲडमिनला तिकीट टाकलंय. प्रायॉरिटी हाय. बघू कधी क्लोज होतं ते. :-)